आईने गालिचा साफ केला

चावीचं खरं नाव बँडच्या माणसांत कुणालाच आठवत नसे, आणि तिलाही ते फक्त पगाराच्या दिवशी लागे. गळ्यात ड्रम कसायची छोटीशी चावी अडकवून फिरणारी पोरगी, म्हणून चावी. गावोगाव फिरणाऱ्या त्या रॉक बँडचा ड्रमसेट ट्रकमधून उतरवायचा, उभा करायचा, कसायचा, आणि कार्यक्रम संपला की मोडून पुन्हा पेट्यांत भरायचा, हे तिचं काम. काम तिला मनापासून आवडायचं. अवघड होते ते ड्रमर. गृहस्थ वाजवायचे डोळे मिटून, आणि झांज बोटभर जरी सरकली तरी काठी हवेत जायची न् त्यांचा पारा वर. आधीच्या दोघांना असाच नारळ मिळाला होता. चावीलाही त्यांनी सांगून ठेवलं होतं, हा दौरा नीट पार पडला तर कायम, नाही तर तुझी वाट मोकळी.

म्हणूनच तो गालिचा ती जिवापाड जपायची. ड्रमसेट त्याच्यावर उभा राही, आणि कुठल्या स्टँडचा कुठला पाय नेमका कुठे, याच्या खुणा त्यावर रंगीत चिकटपट्ट्यांनी केलेल्या होत्या. मोठ्या झांजेची लाल, छोट्या ड्रमची पिवळी, बसायच्या स्टुलाची निळी. पट्टीवर पट्टी चढून आणि कडा काळ्या पडून गालिच्याची पार रया गेली होती. पण गाव कुठलंही असो, खुणांवर पाय ठेवले की ड्रमसेट जिथल्या तिथे.

त्या दिवशी दुपारी चावीने स्टेजवर गालिचा अंथरला, तोच आई आली. "सहज आले गं, एवढ्या जवळ आलीस म्हणून," म्हणाली. पण आई सहज कुठेच जात नाही, हे चावीला लहानपणापासून माहीत होतं. पाणी पिऊन होतं न होतं तोच विषय निघाला.

"मामाच्या टाइल्सच्या दुकानात जागा रिकामी झालीये. पंख्याखाली बसायचं, संध्याकाळी घरी यायचं. मी त्याला शब्द दिलाय. हे काय चाललंय? अंगात हमालाचा शर्ट, हाताला घट्टे!"

"आई, रात्री बोलू. तू इथे बस, आणि कशालाही हात लावू नकोस."

आता हे वाक्य जगातल्या कुठल्या आईने आजवर ऐकलंय? चावी झांजांची पेटी आणायला ट्रककडे गेली. तिथे एक कुलूप अडलं, त्यात वेळ गेला. परत येते तर आई बाह्या सरसावून स्टेजवर गुडघे टेकून बसलेली, शेजारी चिकटपट्ट्यांचा डोंगर, हातात गोंद काढायचा स्प्रे. आणि गालिचा कसा, दुकानातून आजच आणल्यासारखा.

"बघ! किती घाण चिकटली होती. कुणी झाडतच नाही का गं इथे?"

चावीच्या तोंडचं पाणी पळालं. मोबाइलमध्ये फोटो होता, पण फोटोवरून का बोटभर अंतर कळतं? तिने मटकन पेटीवर बसकण मारली आणि आईला सगळं सांगितलं. खुणा कसल्या होत्या, ड्रमर कसे आहेत, आधीच्या दोघांचं काय झालं. ऐकता ऐकता आईचा चेहरा उतरत गेला.

तेवढ्यात ड्रमर आले. त्यांनी गालिच्याकडे पाहिलं, मग चावीकडे. कपाळावरची शीर ताडकन उठली. ते तोंड उघडणार, तोच आई मध्ये उभी.

"अहो, तिला काही बोलायचं नाही. चूक माझी आहे. काढायचं तर मला काढा!"

"ताई, तुम्ही इथे कामाला नाही."

"मग आधी लावा, आणि मग काढा!"

पाठीमागे वायर ओढणारे खाली मान घालून खांदे हलवत हसत होते. खरं तर चावीला रडू येत होतं, पण या वाक्याने तेही मध्येच अडकलं. तिने डोळे पुसले आणि स्टूल गालिच्यावर ठेवलं.

"दादा, बसा. डोळे मिटा. समोर काही नाही असं समजून वाजवा. तुमची काठी थांबेल तिथे मी झांज आणते."

बहुधा आईच्या धाकाने असेल, पण ते बसले. काठ्या हवेत फिरू लागल्या. चावी स्टँड सरकवायची, गळ्यातल्या चावीने कसायची, पुन्हा सरकवायची. आई न सांगता पट्टीचे तुकडे तोडून देऊ लागली. मोठी झांज आली तेव्हा चावी थबकली. काठी रोजच्यापेक्षा वीतभर अलीकडे थांबत होती.

"दादा, इतकी अलीकडे?"

ड्रमर डोळे मिटूनच होते. "खांदा पूर्वीसारखा राहिला नाही," ते हळू म्हणाले. "त्या खुणा माझ्या तरुणपणीच्या होत्या."

"मग सांगायचं नाही का?" आई म्हणाली. "एवढं दुखणं घेऊन रोज हात लांबवत बसलात!"

त्यांनी झांजेवर एकच ठोका दिला. मग आणखी एक. मग डोळे उघडून चावीला म्हणाले, "इथेच चिकटव. आणि पट्टी चांगली घे, पुढच्या दौऱ्यालाही टिकायला हवी." चावीला ते कळायला क्षणभर लागलं. कळलं तेव्हा तिला इतका आनंद झाला, की लाल पट्टी तिने स्वतःच्याच अंगठ्याला चिकटवून घेतली.

कार्यक्रम सुरू झाला. आई स्टेजच्या बाजूला, पडद्यामागे, कानांत बोळे घालून उभी. हजारो माणसं गायकाकडे बघत होती. आईची नजर ड्रमच्या स्टँडांवरून हलत नव्हती. तिसऱ्या गाण्यात तिने चावीची बाही खेचली आणि कानात ओरडली, "डावीकडचा पाय हलतोय!"

चावी वाकून अंधारातून धावली, स्टँड कसला, परत आली. ड्रमरचे डोळे मिटलेलेच होते.

"दुकानाचं काय मग?" तिने आईच्या कानाशी विचारलं.

"मामाला मी बघते," आई ओरडली. "तू तिकडे लक्ष दे, त्यांनी डोळे मिटलेत!"