शिंप्याच्या मेजावरचा शिशाचा दगड

मित्रांनो, म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात वेंकटेश शिंप्यांच्या मेजावर कापड दाबून बसलेला मी एक जुना दगड आहे. माझ्या पोटात शिसं आहे, म्हणजे विष आहे, आणि ते इथे कुणालाच ठाऊक नाही.

कोट्यवधी वर्षांपूर्वी मी समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडीचा गाळ होतो. गाळाचा खडक झाला. मग खोलवरचं गरम, खारट पाणी माझ्या भेगांत शिरलं. त्यात विरघळलेल्या शिशाला माझ्यातला गंधक भेटला आणि करड्या, चकचकीत, चौकोनी खड्यांनी माझं अंग भरलं. पुढे पावसाचं पाणी झिरपून वरच्या खड्यांवर पांढरी, भुसभुशीत साय धरली. खडे त्यातल्या त्यात बरे. साय पोटात गेली की अंगात भिनते.

राजस्थानातल्या खाणीतून मला इथे आणलं भूगर्भशास्त्राच्या अनंतकृष्ण सरांनी. माझ्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली: 'शिसे. हात धुवा.' विद्यार्थी माझं कौतुक करत. मग सर वारले. दसऱ्याला घरात बाहुल्यांचा देखावा मांडताना त्यांची सून सुप्रीता हिला त्यात डोंगर हवा होता. डोंगरावर चिठ्ठी शोभत नाही, म्हणून तिने ती खरवडून काढली.

दसऱ्यानंतर ब्लाउज द्यायला आलेल्या वेंकटेशनी मला उचललं. "केवढा जड की हो! कापडावर ठेवायला बरा."

"सुम्ने, असाच घेऊन जा हो," सुप्रीता म्हणाली. "आम्हाला कशाला तो धोंडा?"

माझी साय गडद कापडावर खडूसारखी उमटते, हे वेंकटेशना दुसऱ्याच दिवशी कळलं. खुणा केल्या की त्याच बोटांनी ते दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करून सुईत ओवत. दिवसातून कितीदा तरी. मला गंमत वाटायची. दीड वर्षात त्यांचा उजवा हात मनगटातून लुळा पडला.

"अय्यो, रजनी, कात्री उचलेना गं!"

"नस आखडली असेल, अष्टे, एवढंच. तेल लावते," बायको म्हणाली.

तेलाने काय होणार? वेंकटेश आता दाराशी बसून असतात आणि रजनी शाळेचे निळे गणवेश शिवते. माझ्याच सायीने खुणा करते, दोरा तोंडात घालते. काल तिच्या हातून सुई दोनदा पडली, आणि मला माझीच लाज वाटली.

मित्रांनो, माझं तिला ऐकू येत नाही. माप द्यायला याल तेव्हा तुम्ही सांगा, "काकू, हा दगड विषारी आहे, दोरा तोंडात घालू नका." ती हसेल. तरी पुन्हा सांगा. या घरात शिवणारा आता तेवढाच हात उरला आहे.