निवेदितानं अर्धं सोडलेलं वाक्य

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या त्या पंपांच्या कारखान्यात खरेदी म्हणजे खरेदीखात्यातल्या बाबूरावांचा आवाज. माल देणाऱ्याला बाहेर बाकावर ताटकळत ठेवायचं, मग आत बोलावून झापायचं आणि रेट खाली आणायचा. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं. पण आता नवं आर्थिक धोरण आलं, परदेशी कंपनीशी करार व्हायची चिन्हं दिसू लागली, आणि मोठे साहेब मुंबईहून कसलंसं शिबिर करून आले ते ‘पीपल स्किल्स’ हा शब्द घोळवतच. समोरच्याचं मन जिंका, त्याच्या घरादाराची चौकशी करा, आणि योग्य वेळी गप्प बसा, म्हणे. साहेबांनी स्वतः कधी कुणाचं मन जिंकल्याचं ऑफिसात कुणाला आठवत नव्हतं, तो भाग वेगळा.

पंप पाठवायच्या लाकडी पेट्या ‘जुनी इंदूर’ मोहल्ल्यातले विष्णूकाका बनवत. ते पूर्वी कापड मिलच्या सुतारखात्यात होते. मिल बंद पडली तेव्हा वर्षभर घरात बसून काढलं, आणि मग तिथल्याच चार सुतारांना घेऊन अंगणात काम मांडलं. त्यांच्या पेट्यांचा रेट साहेबांना कमी हवा होता. बाबूराव गेले, नेहमीसारखे ओरडले, आणि काकांनी त्यांना दार दाखवलं.

मग साहेबांनी खरेदीखात्यातल्याच निवेदिताला बोलावलं. “आप तो उसी मोहल्ले की बेटी हैं. रेट ले आइए, परचेस मैनेजर की कुर्सी आपकी. नहीं तो बाबूराव सीनियर हैं ही.”

निवेदिता आता राजेंद्र नगरात राहायची, पण तिचं माहेर काकांच्या शेजारचंच. तिचे वडील त्याच मिलमध्ये कारकून होते. लहानपणी ती काकांच्या अंगणात खेळली होती. ही तर आपल्या हातची गोष्ट, असं तिला वाटलं आणि ती खुशीतच निघाली.

“अरे, निवी! ये बेटा, बैस. बाहेर किती धूप आहे,” काका म्हणाले. शांताकाकूंनी चहा टाकला. निवेदितानं काकूंच्या गुडघ्यांची चौकशी केली, काकांच्या नातवाचं कौतुक केलं, मिलच्या गणपतीच्या आठवणी काढल्या. सगळं खरं होतं आणि सगळं ठरवून होतं. मग कप खाली ठेवून ती हळूच म्हणाली, “काका, ऑफिसात वातावरण बरं नाही. पेट्यांचा रेट कमी करून नाही आणला, तर माझी...”

आणि ती थांबली. पुढचे शब्द होते, ‘बढती जाईल’. ते तिनं उच्चारले नाहीत.

काकांचा चेहरा एकदम उतरला. “तुझी नोकरी घेतात काय? दोन पोरं आहेत गं तुला.” निवेदितानं मान खाली घातली. एका शब्दाचं काम होतं, पण तो शब्द तिनं गिळला. “नोकरी गेली की माणूस घरात कसा बसतो, ते मला विचार,” काका म्हणाले. “जा, सांग तुझ्या साहेबाला. रेट दिला म्हणावं. बिलकुल टेन्शन नको घेऊ.”

ती उठली तर काकू म्हणाल्या, “अगं, रुक जरा. माहेराहून अशी रिकामी जाते काय?” त्यांनी कुंकू लावलं आणि तांदूळ, नारळ, खण घालून तिची ओटी भरली. निवेदिताला वर बघवेना. लूनावरून परत येताना ती स्वतःला बजावत राहिली, की मी खोटं कुठं बोलले? काहीच तर बोलले नाही.

ती मॅनेजर झाली. काही आठवड्यांनी पेट्यांच्या गाडीबरोबर काका स्वतः आले आणि केबिनच्या दारात चपला काढून उभे राहिले. हातात स्टीलचा डबा होता.

“काकूनं बेसनाचे लाडू दिलेत. म्हणे, पोरीची नोकरी वाचली. डबा द्यायला घरी ये, ती वाट बघते.” मग जरा थांबून म्हणाले, “त्या रेटमध्ये चौघांचं भागेना. त्यातल्या हरीला कमी केलं. तो एकटा आहे, कुठंही जेवेल. तुझं तसं नाही ना.”

सांगून टाकावं म्हणून निवेदितानं तोंड उघडलं, तेवढ्यात मोठे साहेब आत आले. पेट्यांवर ते भलते खूश होते.

“आइए, आइए! आपकी बिटिया तो कमाल है. हमने कहा था, जो आपसे रेट लाएगा वही मैनेजर बनेगा. देखिए, ले आई!”

साहेब हसत निघून गेले. काकांनी टेबलावरच्या ‘मॅनेजर’ लिहिलेल्या नव्या पाटीकडे पाहिलं, मग निवेदिताकडे.

“नोकरी जात नव्हती?”

“नाही, काका.” ती उभी राहिली. शरमेनं तिचे कान तापले होते. “मी आजच साहेबांशी बोलते. जुना रेट परत लावते. हरीला बोलवा.”

“हरी गेला सुरतेला,” काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. बाबूरावांसारखे ते ओरडले असते तर निवेदिताला सोसलं असतं. “आणि रेट मी दिलाय. दिलेला शब्द मी फिरवत नाही.”

ते चपला घालायला वाकले. लाडूंचा डबा टेबलावरच होता. निवेदिता कशीबशी म्हणाली, “काका, डबा घेऊन मी रविवारी येते. काकूंना मीच सांगते सगळं.”

“राहू द्या,” काका म्हणाले. “डबा गाडीवाल्याच्या हातून पाठवून द्या, मॅडम.”