तुम्हाला लागली असेल तर

सकाळी हापशावर गेलं की विचारपूस आलीच. गुडघे मोडून, पोकळ तळव्यांनी हलकेच टाळ्या वाजवून विचारायचं, "झोप लागली का?" उत्तरही ठरलेलं, "तुम्हाला लागली असेल तर मलाही लागली." वाडवडिलांची रीत. खरंखोटं कोण बघतंय!

माइदेईला मात्र ते जमेना. डोळ्याला डोळा लागत नव्हता, पोरीची, कुंदाईची वेणी घालायला हात उचलवत नव्हता. बरं, झालं काय होतं? काहीच नाही. नवरा भला, मका पिकलेला. म्हणून तर तिला स्वतःचीच लाज वाटायची. खोटं उत्तर देववेना, तसं तिने हापशावर जाणंच सोडलं. गावाला तेवढंच पुरे. कुणी शिष्ट म्हणालं, कुणी करणी म्हणालं. नणंद येऊन ठाण मांडून बसली. भावाला म्हणाली, "आळसाला औषध नसतं. रविवारी हिला माहेरी पोचव. कुंदाईला मी सांभाळीन."

नवरा मान खाली घालून 'बरं' म्हणाला. लेक तुटणार हे माइदेईला कळत होतं, आणि तरी उठवत नव्हतं. याहून वाईट काय असतं सांगा.

शनिवारी शेजारची मुचानेता म्हातारी आली. दारात टेकली, टाळ्या वाजवल्या. "कुंदाईच्या आई, झोप लागली का?"

"तिला झोपेशिवाय दुसरं काम काय?" नणंद आतून म्हणाली.

"तुला विचारलं का गं?"

माइदेईने तोंड उघडलं, पण नेहमीचे शब्द येईनात. "नाही लागली, आजी. कितीतरी दिवस नाही. जगावंसंच वाटत नाही."

नणंदेच्या हातातलं सूप थांबलं. असं उत्तर गावात कुणी दिलं नव्हतं.

म्हातारी चटईवर बसली. "मग मलाही नाही लागली. रीत आहे आपली. अगं, आजार आहे हा, कुफुंगिसिसा. विचार पोखरतात माणसाला. मी स्वतः वर्षभर हापशावर खोटं बोलले. आज मी इथेच राहते. सोमवारी दवाखान्यात जाऊ, दोघी." मग नणंदेकडे वळून म्हणाली, "आणि आळसाला औषध नसेल, याला आहे."

रविवार उजाडला. माहेरी जायचं गाठोडं कुणी बांधलं नव्हतं. नणंदेचा मान मोठा, भावजयीपुढे ती आधी वाकत नाही. पण ती दारात आली, गुडघे मोडून बसली आणि टाळ्या वाजवल्या.

"झोप लागली का, वहिनी?"

"थोडी," माइदेई म्हणाली.

"मग मलाही थोडीच," नणंद म्हणाली, आणि कुंदाईची वेणी घालायला बसली.