इथल्या

काजवालीनं दातात धरलेली टाचणी काढून कोटाच्या बाहीला खोचली आणि वर पाहिलं. दार उघडंच होतं. वाऱ्याबरोबर दोन-तीन पिवळी पानं आत येऊन कटिंगमास्तरांच्या पायाशी पडली होती. म्हणजे थंडी तोंडावर आली. आता शहरभर पेट्या उघडणार, कसर लागलेले कोट बाहेर निघणार आणि दुरुस्तीच्या या दुकानात पाय ठेवायला जागा उरणार नाही.

"काय हो, तुमच्याकडे थंडी असते का?" मास्तरांनी विचारलं.

पहिली पानं गळली की मास्तर हे विचारणारच. नऊ वर्षं विचारत होते. उत्तरही स्वतःच देत.

"आम्हा इथल्यांना देवानं आतून अस्तर लावूनच पाठवलंय."

काजवाली हसली. तिला त्या विनोदाचा वीट आला होता, पण न हसून चालायचं नाही. एकदा हसली नव्हती, तर 'यांच्याकडे हसत नाहीत वाटतं' हे महिनाभर ऐकावं लागलं होतं. तिला चांगलं आई-बापांनी ठेवलेलं नाव होतं. इथं ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. काजं करते म्हणून काजवाली, आणि जागा पडद्यामागे, कोटांच्या ढिगाशेजारी.

त्या सकाळी मालकीणबाईंनी तिला पुढे बोलावलं.

"पुढच्या टेबलावरच्या बाई आता येणार नाहीत. आजपासून तिथं तुम्ही बसा. मापं घ्यायची, गिऱ्हाइकांशी बोलायचं. फक्त तुमचे ते हेल काढू नका. आपलं दुकान आहे, आपलंच वाटलं पाहिजे."

'आम्ही इथं असं करत नाही,' 'आमच्याकडे हे चालत नाही' हेच नऊ वर्षं ऐकत आलेली ती. 'आपलं' ऐकून तिचे डोळे भरून आले. कुणाला दिसू नये म्हणून ती मघाशीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसत बसली. हे टेबल आता जीव गेला तरी सोडायचं नाही, असं तिनं ठरवलं.

तासाभरानं एक बाई आत आली. अंगात पातळ सुती कपडे, ओठ फुटलेले. काजवाली सुईत दोरा ओवत होती. बाईनं तिच्या हातांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

"ताई, तुम्ही आपल्याकडच्या ना? सुईचं नेढं ओलं केलंत. इथं सगळ्या दोरा ओला करतात."

मास्तरांची कात्री थांबली.

"काय काम आहे?" काजवालीनं विचारलं.

"शिवण येतं मला. खोलीवाली म्हणते, आठ दिवसांत काम दाखव नाहीतर चालती हो. तिकडे परत जावं तर माझं कुणी उरलेलं नाही."

पडद्यामागची खुर्ची आजच रिकामी झाली होती. काजवालीला आपली इथली पहिली थंडी आठवली. कपड्यांच्या आत वर्तमानपत्रं खुपसून ती झोपायची. ते आठवलं म्हणूनच तिला त्या बाईचा राग आला.

"तुमची काहीतरी चूक होतेय. मी इथलीच आहे. आणि जागा नाही."

"माफ करा," बाई म्हणाली. जाताना तिनं दार हलक्या हातानं ओढून घेतलं.

मालकीणबाई आतून आल्या.

"कोण होती?"

"काम मागत होती," मास्तर म्हणाले. "यांनी लावलं वाटेला."

"अहो, मागे माणूस नको का? बोलवा तिला."

मास्तरांनी कोपऱ्यावरून बाईला परत आणलं. मालकीणबाईंनी तिला एक काज करायला लावलं आणि ते उलटसुलट करून पाहिलं.

"अगदी यांच्या हातचं. एकाच गावच्या का तुम्ही?"

काजवालीनं मान खाली घातली. बाईनं तिच्याकडे पाहिलं आणि सरळ मनानं सांगितलं, "नाही हो. त्या इथल्या आहेत."

मास्तर हसू लागले. चष्मा काढून डोळे पुसण्याची वेळ आली तरी त्यांचं हसू थांबेना. मालकीणबाईंनी आधी तोंडावर हात ठेवला, मग तोही काढला. कोट घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं काय झालं म्हणून विचारलं. त्याला सगळं समजावून सांगितल्यावर तोही पोट धरून हसला. काजवालीही हसली.

टेबल तिच्याकडून कुणी काढून घेतलं नाही. दिवसभर ती तिथंच मापं घेत होती आणि मास्तर येणाऱ्या प्रत्येकाला तिची ओळख करून देत होते.

"कोट द्या बिनधास्त. या इथल्या आहेत बरं का."

संध्याकाळपर्यंत काजवाली हे नाव मागे पडलं.

दुकान बंद व्हायच्या सुमारास पडदा बाजूला झाला. नवी बाई दिवसभर मान वर न करता शिवत होती. लोक का हसतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती अदबीनं म्हणाली, "इथल्याबाई, जरा कात्री देता?"

"घ्या," म्हणून तिनं कात्री पुढे केली.