साक्षीची पाठ

माझा थोरला भाऊ धर्मा मिठागरात काम करतो आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याच्या लेकीच्या, साक्षीच्या हृदयाचा एक कप्पा जन्मापासून दुबळा आहे, हे कळल्यावर त्यानं ठरवूनच टाकलं, पोरीनं काडी उचलायची नाही. आंघोळीचा तांब्यासुद्धा वहिनी तिच्या हातात देत नसे. शाळेला निघालं की हा उकिडवा बसायचा आणि ती पाठीवर चढायची, नऊ वर्षांची घोडी झाली तरी. मी अंगणवाडीत पोरं सांभाळते, चार गोष्टी मलाही कळतात, पण माझं कोण ऐकतंय?

रेवसहून लाँचनं तिला मुंबईच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, पाठीचा स्नायू एका बाजूनं सोडवून हृदयाभोवती गुंडाळायचा. छोट्या यंत्राच्या इशाऱ्यानं तो हृदयाबरोबर आवळत राहील. कृत्रिम ठिगळ लावलं तर ते वाढत नाही, हा स्नायू तिच्याबरोबर वाढेल अशी आशा. अजून फार थोड्या मुलांवर झालंय, खात्री नाही. मग त्यांनी साक्षीच्या पाठीवर बोटं दाबली.

"स्नायू फारच बारीक आहे. हिला काही कामच करू देत नाही का?"

"माझे पाठीचा घ्या," दादा म्हणाला आणि सदऱ्याची बटणं सोडू लागला.

"तिचाच लागतो."

परतताना मला दादाचा राग आला होता, आणि त्याहून जास्त कीव.

मग पाठीचा स्नायू भरावा म्हणून पाच महिने साक्षीनं खांबाला बांधलेला रबरी पट्टा ओढला, पुढं पुढं मिठागरात मीठ ओढायची छोटी लाकडी फळीही. डॉक्टरबाईंनी नेमून दिलं तेवढंच. तिला धाप लागली की दादा बांधावर तोंड फिरवून उभा राहायचा. शाळेत ती थांबत थांबत, पण चालत जाऊ लागली.

काल बाईंनी पुन्हा पाठ तपासली. "आता पुरेल. मंगळवारी करू."

संमतीचा कागद पुढं आला. दादानं पेन घेतलं आणि नुसतंच धरून ठेवलं.

"मी हिला उचलून फिरवला नसता, तर ह्या आपरेशन आधीच झाला असता ना?"

बाई नाही म्हणाल्या नाहीत. "तुम्हाला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाल्या. दादा सगळ्यांसमोर रडू लागला.

"पन मना तुझे पाठीव बसाया आवडायचा, बाबा," साक्षी म्हणाली. "आता कर सही."