पॅराशूटचं लुगडं

ल्युसी परेरा मुलुंडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. विषय आवडीचा, युद्ध आणि समाज. मरोळ गावठाणातल्या भातशेती करणाऱ्या घरातली ही पहिली प्रोफेसर. आठ वर्षं तिनं दुसऱ्या महायुद्धाची कागदपत्रं चाळली होती. पलटणींचे आकडे ढीगभर मिळाले, पण सैनिकांच्या घरी काय चाललं होतं, त्याचा पत्ता नव्हता.

१९७२ चा जानेवारी. बांगलादेशाची लढाई नुकतीच संपलेली. स्टाफरूममध्ये चहा देणाऱ्या शांताबाई सहज म्हणाल्या, "ही तरी चौदा दिवसांत आटपली, बाई. आमच्या येळची सरतच नव्हती. माझं लगीन पॅराशूटच्या लुगड्यात लागलं."

ल्युसीनं कप खाली ठेवला. "शांताबाई, हे वर्गात सांगाल?"

"मी? मला सही बी येत नाही!"

"सही मी करते. तुम्ही बोला."

विभागप्रमुखांनी नाक मुरडलं. "उद्या भाजीवालीला बोलवाल!"

"आली तर बोलवीनच, सर."

वर्गासमोर शांताबाई आधी नुसत्याच पदराशी चाळा करत राहिल्या. मग सुटल्या. पंचेचाळीस साल, कापड रेशनवर. नवरा मुलगा राजाराम ब्रह्मदेशातून रजेवर येताना फाटक्या पॅराशूटचं कापड घेऊन आला. सासूनं ते हळदीत रंगवलं.

"पण असं गुळगुळीत, की निऱ्या थांबंनात! दोन्ही हातांनी कंबर धरून उभी. हार घालायला हात कुठला? शेवटी माझा हार नणंदेनं घातला."

"मग लग्न कुणाशी लागलं?" मागून एकजण ओरडला. वर्ग हसून लोळला.

हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "लढाईवरून आल्यावर घरात भांडं पडलं तरी हे ताटावर ओणवे व्हायचे. मग मी भांडी घासताना गाणी म्हणायला लागले. त्यांना कळावं, मीच हाय."

दारात उभ्या विभागप्रमुखांनी हळूच विचारलं, "ते कापड आहे का अजून?"

"त्याची पोरांची झबली झाली, सर."

त्या आठवड्यात ल्युसीनं स्वतः लिहायला घेतलेल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण बाजूला ठेवलं आणि वर्गाला आठवणी लिहून आणायला घरोघरच्या म्हाताऱ्यांकडे पिटाळलं.

पुढच्या वर्षी शांताबाईंनीच बजावलं, "दोनच्या आधी वर्ग नको, चहाची गर्दी असते. आन् यंदा हे बी येणार म्हणतात."

राजाराम इस्त्रीचा सदरा घालून आला. अठ्ठावीस वर्षांत घरीही न बोललेला ब्रह्मदेश तो बोलत सुटला. तास संपल्याची घंटा झाली, पुढच्या तासाचीही झाली. वर्गातून कुणी उठलं नाही.