सीता बोलायला लागली

पाच वर्षं पुरी झाली तरी सीता चार शब्दांपलीकडे बोलत नव्हती. पाणी, भात, नाही, माय. बाकी सगळं ती बोटानं दाखवायची. बासष्ट सालच्या आषाढात तुळसाबाई तिचं नाव घालायला लामत्याच्या शाळेत गेली, तेव्हा डोमाजी गुरुजींनी पोरीपुढे मोजायला चिंचोके मांडले, नाव विचारलं. सीता आईच्या लुगड्याआड लपली.

"मंद हाय बाई पोरगी," गुरुजी हळहळले. "देवानंच डोकं कमी देल्लं, त्याले तू तरी काय करशीन?"

तुळसाबाई पोरीचा हात धरून घरी परतली. ती मुळातच अबोल. नवरा चैतराम परसवाड्याकडच्या जंगलात लाकूडतोडीवर, सहा-सहा महिने घरी नाही. ही दिवसभर शेतात. घरी सासू, ठार बहिरी. म्हातारीनं नातीला जिवापाड जपलं, मांडीवरून खाली उतरू दिलं नाही. पण तिला ऐकूच येत नसे, म्हणून त्या घरात सगळा कारभार खुणांनी चालायचा.

श्रावणात सासू वारली. पोरीला आता कुठं ठेवायचं? तुळसाबाईची थोरली बहीण, सीतेची मोठीमाय गोदाबाई, बालाघाटला विड्या वळायची. ती म्हणाली, "धान घरी येतवरी राहू दे माह्याजवळ."

गोदाबाईच्या ओसरीवर सात-आठ बाया सुपं मांडीवर घेऊन बसत. हात तेंदूच्या पानांवर, तोंडं मोकळी. भांडणं, कोडी, सासरच्या गोष्टी, अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत. सीता मधोमध बसायची. शेजारची विमलाबाई तिला सारखी विचारायची, "हे पान ओलं का सुकं व? या दोनातलं मोठं कोणतं?" पोरीनं बोट दाखवलं की म्हणायची, "मले दिसत नाही बाई, तोंडानं सांग."

पौषात तुळसाबाई पोरीला न्यायला आली. गल्लीतूनच तिला एक चिरका आवाज ऐकू आला, "मोठीमाय, हे पान फाटलं हाय. याची विडी कशी होईन?"

कोणाची पोर असेल, असं म्हणत ती ओसरीशी पोचली, आणि जागीच उभी राहिली. सीता होती. आईला पाहताच पोर धावत येऊन बिलगली, हसली, आणि बोलायची थांबली. तहान लागली होती, तर तिनं घागरीकडे बोट दाखवलं.

रात्रीपर्यंत थांबायचा तुळसाबाईला धीर नव्हता, तिनं तिथंच बहिणीला विचारलं. "माह्यासंगं काहून नाही बोलत व हे?"

गोदाबाईनं सूप खाली ठेवलं. "तू तरी कधी बोललीस तिच्यासंगं?"

तुळसाबाईला राग आला. निरोपही धड न घेता ती पोरीला ओढत टेशनवर गेली. लामत्याकडची छोटी आगगाडी सुटली. खिडकीशी सीता, शेजारी आई. बरंच अंतर गेल्यावर तुळसाबाईनं घसा साफ केला. काय बोलावं तेच सुचेना. समोर दिसलं तेच बोलली.

"तो पाह्य. बगळा."

स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. समोरचा माणूस बघायला लागला. तरी ती बोलत राहिली. हे तळं. हा पळस. आता चरेगाव येईन, मग आपलं गाव.

सीता मान वळवून तिच्या तोंडाकडे पाहत होती. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "दोन बगळे हायेत, माय."

पुढच्या आषाढात डोमाजी गुरुजींनी पुन्हा चिंचोके मांडले. सीतेनं ते मोजले, आणि त्यातला एक किडका आहे हेही सांगितलं. गुरुजींनी रजिस्टरात नाव लिहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, मागच्या साली मी चुकलो."

चौसष्ट साली तुळसाबाईला मुलगा झाला, भोजराज. धानाची रोवणी चालू होती, आणि दोन महिन्यांचं लेकरू पाठीशी बांधून तुळसाबाई चिखलात वाकून त्याच्याशी बोलत होती. हे रोप, हा बेडूक, हा पाय फसला पाह्य. बाजूच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"त्याले काय समजते व तुळसे?"

"समजो का नको समजो," ती म्हणाली, आणि रोपांची पुढची जुडी उचलत पोराला सांगत सुटली की ही जुडी कालच्यापेक्षा जड आहे.